ट्रंकभर परदेशी सिंगल्स, बहुधा यादीबाहेरचे: ओळख, बुरशी आणि रेकॉर्डिंग

मुरुड_हर्णै

दापोली तालुक्यातल्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे, ७ इंची तबकड्यांनी भरलेली. घरातले एक काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी १९७० ते १९७८ या काळात निरनिराळ्या बंदरांतून आणलेल्या. बहुतेक ब्रिटिश, काही अमेरिकन, थोड्या कोलकात्याजवळ दमदमला छापलेल्या. कव्हरांवर पांढरट बुरशी आहे, काही लेबलांवर तपकिरी डाग आहेत. गायकांची आणि बँडची नावं शोधली तर निम्म्यांबद्दल काहीच सापडत नाही, गाणं ऐकायला मिळणं तर दूरच. एक तबकडी पांढऱ्या लेबलची आहे, त्यावर मोठा 'ए' आणि कंसात १४.७.७२ असं छापलंय.

हे सिंगल्स (एका बाजूला एकच गाणं असलेल्या तबकड्या) त्या वेळी जास्त खपलेल्या गाण्यांच्या याद्यांमध्ये, म्हणजे चार्टमध्ये, आले होते का, हे कसं तपासायचं? बुरशी कशी काढायची? कशावर वाजवायचे, आणि कॉम्प्युटरवर घेताना काय सांभाळायचं? घरात जुना सूटकेससारखा प्लेअर आहे, तो चालतो.

सुई_आणि_खाच (चिपळूण)

ताई, आधी नोंद, साफसफाई नंतर. ओला हात लागला की लेबलवरची शाई, दुकानाचा शिक्का, पेनाने लिहिलेलं काहीबाही, सगळं धोक्यात येतं. अशा तबकडीची माहिती पुष्कळदा तेवढ्यावरच टिकलेली असते. प्रत्येकीच्या दोन्ही लेबलांचे सरळ वरून फोटो काढा. मग टॉर्च अगदी तिरका धरून, गाणं संपल्यावर लेबलाच्या आधी जो गुळगुळीत पट्टा येतो, त्यात कोरलेली अक्षरं वाचा आणि जशीच्या तशी उतरवा. खोडलेलं अक्षर असेल तर तेही. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. लेबल चुकीचं चिकटलेल्या तबकड्या असतात, पण खाचेत काय आहे हे मॅट्रिक्सच खरं सांगतो.

यादीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९६९ पासून अधिकृत यादी ५० गाण्यांची होती. मे १९७८ मध्ये ती ७५ ची झाली. म्हणजे तुमच्या ट्रंकेतल्या बहुतेक तबकड्यांच्या काळात ५१व्या नंबरचं गाणं त्या यादीत येतच नव्हतं. शिवाय ही यादी नेमलेल्या दुकानांच्या विक्रीच्या नोंदींवरून व्हायची. रेगेसारखं संगीत ज्या छोट्या दुकानांतून खपायचं ती दुकानं त्यात फारशी नसत, त्यामुळे चांगला खप असूनही एखादी तबकडी यादीत न दिसणं सहज शक्य होतं. 'यादीत नाही' म्हणजे 'कुणी घेतली नाही' असं धरून चालू नका.

अमेरिकन तबकड्यांसाठी बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाची १०० ची यादी बघायची, आणि तिच्याखाली 'बबलिंग अंडर' नावाची वेगळी यादी असायची, तीही. १९५९ पासून ती होती, म्हणजे तुमचा सगळा काळ त्यात येतो. बिलबोर्डमध्ये नसलेलं गाणं कॅश बॉक्स किंवा रेकॉर्ड वर्ल्डच्या यादीत सापडतं, कारण तिघांची मोजण्याची पद्धत वेगळी होती. त्या साप्ताहिकांचे जुने अंक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेले आहेत. कंपनी आणि कॅटलॉग नंबर टाकून '४५कॅट' आणि 'डिस्कॉग्ज' या तबकड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर शोधा. नावाने शोधू नका, नंबराने शोधा. बँडच्या नावाचं स्पेलिंग चार ठिकाणी चार तऱ्हेचं असतं.

आता ईएमआय कंपनीच्या ब्रिटिश तबकड्या (पार्लोफोन, कोलंबिया, हार्वेस्ट वगैरे). घड्याळाची तबकडी समजा आणि मॅट्रिक्स नंबर ६ वर ठेवा. ९ च्या जागी एक आकडा असतो, तो 'मदर'चा, म्हणजे स्टॅम्पर ज्यावरून बनतात त्या धातूच्या तबकडीचा. ३ च्या जागी एक ते तीन अक्षरं असतात, ती स्टॅम्परची, म्हणजे तबकड्या छापायच्या साच्याची. ती अक्षरं जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या क्रमाने १ ते ९ आणि शेवटी शून्य अशी वाचायची. 'जी' म्हणजे पहिला, 'जीडी' म्हणजे दहावा. डेक्का कंपनीच्या तबकड्यांना हाच प्रकार 'बकिंगहॅम' या शब्दाने: बी, यू, सी, के, आय, एन, जी, एच, ए, एम. खूप खपलेल्या गाण्याच्या तबकडीवर दोन-तीन अक्षरी स्टॅम्पर सर्रास दिसतात. आपटलेल्या सिंगलवर बहुधा एकच अक्षर, आणि पुढच्या अक्षराची प्रत कुठे दिसतच नाही. खपाचा हा अंदाज आहे, पुरावा नाही, पण यादीबाहेरच्या तबकडीसाठी एवढा तरी धागा हाती येतो.

१४.७.७२ ही प्रकाशनाची तारीख. तो शुक्रवार होता, आणि तिथे सिंगल्स शुक्रवारी बाजारात यायचे. मोठा 'ए' म्हणजे रेडिओला आणि समीक्षकांना आधी पाठवलेली नमुना प्रत. जी बाजू वाजवावी असं कंपनीला वाटे, तिच्यावर तो 'ए'. ही तबकडी वेगळी काढून ठेवा.

अमेरिकन नमुना प्रतीत एक गोष्ट बघा. पुष्कळदा दोन्ही बाजूंना एकच गाणं असतं, एकीकडे मोनो, दुसरीकडे स्टिरिओ. मग त्या सिंगलची खरी बी बाजू, म्हणजे मागचं दुसरं गाणं, फक्त दुकानात विकायच्या प्रतीवर येते. गाणं चाललं नाही तर विक्रीच्या प्रती थोड्याच निघत, म्हणून अशा सिंगलची साधी, विक्रीची प्रत नमुना प्रतीपेक्षा जास्त दुर्मीळ असू शकते. साधं लेबल बघून बाजूला टाकू नका.

मालवणी_तबकडी

ताई, पयला ह्या ध्यानात ठेवा: उनात सुकत घालू नकात, वाकतले.

बुरशीचं काम घरात करू नका. पडवीत किंवा अंगणात, एन-९५ मास्क लावून. आधी तबकडी कव्हरातून काढा आणि कव्हर वेगळ्या झिप पिशवीत ठेवा. कंपनीच्या छापील कव्हरावरून काळ ओळखता येतो, म्हणून ते फेकायचं नाही, पण तबकडी परत त्यात घालायचीही नाही. बुरशी तिथूनच परत येते. सुकी बुरशी कापडाने पुसू नका, तिचे तंतू खाचेत दाबले जातात. मऊ ब्रशने वरवर झटका आणि लगेच ओल्या धुण्याकडे वळा.

धुण्याआधी तबकडी कशाची आहे ते बघायलाच हवं. ब्रिटिश आणि भारतीय बहुतेक व्हिनाइल या लवचिक प्लास्टिकच्या. त्यांचं कागदी लेबल छापतानाच उष्णतेने बसलेलं असतं, त्याला गोंद नसतो. अमेरिकन ४५ मध्ये (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत) स्टायरीन या कडक प्लास्टिकच्या पुष्कळ निघतात. कडा सपाट आणि धारदार, हाताला कडक, टिचकी मारली की टणक आवाज, आणि लेबल वरून गोंदाने चिकटवलेलं. स्टायरीनवर अल्कोहोल अजिबात नको, त्याने बारीक तडे जातात. आणि पाण्यात बुडवायची नाही, लेबल सुटतं. साधारण १९७५ नंतरच्या काही ब्रिटिश तबकड्यांना कागदच नसतो, प्लास्टिकवर थेट चंदेरी रंग असतो. तो अल्कोहोलने निघून येतो, तिथेही सांभाळा.

व्हिनाइलसाठी ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुण्यासाठी मिळतं त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. एवढेच. जास्त घातलं तर खाचेत थर बसतो आणि सुईवर पांढरा गोळा जमतो. वेटिंग एजंट मिळाला नाही तर बिनरंगी, बिनवासाच्या भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब लिटरला चालेल, पण मग शेवटचं धुणं तीनदा. स्टायरीनसाठी हेच मिश्रण अल्कोहोल वगळून, आणि फक्त ओलसर ब्रशने. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं असलं म्हणजे झालं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला कधीच नको. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी वरून कितीही नितळ दिसलं तरी सुकल्यावर क्षार मागे ठेवतं.

लेबल झाकायला ९ सेंटीमीटरच्या आसपासचं प्लास्टिकचं झाकण घ्या, आतून पातळ रबर लावा आणि हाताने दाबून धरा. मऊ नायलॉनचा ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आठ-दहा फेरे एकीकडे, तेवढेच उलट. खाचेला आडवा ब्रश कधीच नको. मिश्रण खाचेवर मिनिटभर राहू द्या म्हणजे बुरशी फुगून सुटते. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा, आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका. ताटाळ्यात उभ्या लावून पंख्याखाली सुकवा. पावसाळ्यात चार-पाच तास तरी द्या. वरून कोरडी दिसते पण खाचेत ओल असते, आणि तशीच कव्हरात गेली की पंधरवड्यात पुन्हा पांढरी.

धुतल्यानंतरही प्रकाशात जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशीने पृष्ठभागावर सोडलेली खूण आहे. तिचा सतत बारीक चरचर असा आवाज येईल आणि तो कितीही धुतलं तरी जाणार नाही. अशी तबकडी पुन्हा पुन्हा घासू नका.

कव्हर पॉलिथिनचं घ्या. वह्यांना घालतात ती जाड, वास येणारी पीव्हीसीची कव्हरं टाळा, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ व्हिनाइलवर उतरतो आणि ढगाळ डाग पडतो. तबकड्या उभ्या ठेवा. कौलांखालचा माळा सगळ्यात वाईट, मे महिन्यात ताप आणि जूनपासून ओल. घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडं सुटं लाकडी कपाट बरं. रबरी पट्टीच्या घट्ट डब्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे, ६५ च्या वर गेला की बुरशी जागी होते. जेलचा रंग पालटला की साधारण १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, परत वापरता येतं.

गुहागर_४५

फेविकॉल ओतून, सुकल्यावर सोलून काढायची पद्धत व्हिडिओत बघितली. कचरा सगळा निघतो म्हणतात. बुरशीला चालेल का?

मालवणी_तबकडी

नको रे बाबा, निदान आपल्याकडे तरी नको. तो थर एकसंध निघायला पूर्ण सुकावा लागतो. दमट हवेत वरची साय सुकते आणि आत ओलं राहतं, मग सोलताना तुकडे तुटून खाचेत अडकतात. ते काढायला परत पाणी, आणि पाण्याने तो गोंद फुगतो. लेबलाच्या कडेवर चढला तर लेबलच फाटतं. स्टायरीनच्या चिकटवलेल्या लेबलाचं तर विचारूच नका. ज्या गाण्याच्या शंभर प्रती बाजारात मिळतात त्यावर हवे ते प्रयोग करा. ह्यांच्या ट्रंकेतल्यावर नाही.

मुरुड_हर्णै

फोटो काढायला घेतलेत. दोन अडचणी. काही तबकड्यांना मधलं भोक मोठं आहे, रुपयापेक्षा मोठं. आणि सूटकेस प्लेअरवर एक दमदमची तबकडी लावून बघितली, तर सूर हळू वर-खाली होतो, सारख्या अंतराने.

लाइन_आउट (रत्नागिरी)

ताई, तो सूटकेस प्लेअर आता बंद ठेवा. त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) सुईवर ५ ते ८ ग्रॅमपर्यंत दाब देतं आणि सुई किती झिजली आहे ते कुणालाच माहीत नसतं. व्हिनाइल दोन-चार वेळा सोसेल, स्टायरीनच्या खाचेची धार पहिल्या फेरीतच झडते. स्टायरीन हे एकदाच, नीट रेकॉर्डिंग चालू असतानाच वाजवायचं, अशी शिस्त ठेवा. सुई टेकलेली असताना तबकडी हाताने पुढे-मागे फिरवायची नाही.

बेताच्या खर्चात ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-६० हा प्लेअर चालतो, पण त्याचा दाब ३ ग्रॅमच्या आसपास आणि बदलता येत नाही. जमलं तर एलपी-१२० घ्या आणि त्यावर व्हीएम-९५ची गोल टोकाची सुई बसवा, दाब २ ग्रॅम. लंबगोल सुई जास्त बारकावे काढते, तरी स्टायरीनला आणि आधी जड सुईने खरडलेल्या तबकडीला गोल टोक मानवतं. वाजवून दोन्ही ऐका, झिजलेली खाच असेल तर दुसऱ्या आकाराची सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागावर बसते आणि फरक लगेच कळतो.

मोठं भोक ३८ मिलिमीटरचं असतं. मध्ये ठेवायचं अडॅप्टर मिळतं. पुष्कळ ब्रिटिश तबकड्यांत चार दांड्यांवर टेकलेला मधला भाग असतो, तो तोडू नका, तसाच वाजतो.

सूर सारख्या अंतराने हलतो म्हणजे भोक मध्यावर नाही. ४५ च्या वेगात एक फेरा १.३३ सेकंदाचा, तेवढ्याच अंतराने हलत असेल तर नक्की हेच. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी बाहेरच्या खाचेत सूर ०.६ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो, आतल्या खाचेत आणखी जास्त. लांब धरलेल्या स्वरात कान लगेच ओळखतो. मोठ्या भोकाच्या तबकडीत उपाय सोपा: अडॅप्टर थोडं सैल घ्या, तबकडी फिरताना टोनआर्म (सुई धरणारा दांडा) किती डोलतो ते बघा. आर्म सगळ्यात बाहेर जातो त्या क्षणी जी बाजू सुईखाली आहे, ती बाजू मध्याकडे ढकला, एकूण डोलण्याच्या निम्म्याने. दोन-तीनदा केलं की आर्म स्थिर होतो. लहान भोकाच्या तबकडीत भोक अगदी किंचित मोठं करावं लागतं. ते काम शेवटी ठेवा, आणि त्या तबकडीची दुसरी प्रत मिळत नसेल तर करूच नका.

वेग तपासायला तबकडीवर कागदाची खूण ठेवून दोन मिनिटांत ९० फेरे मोजा. छापील स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की तिच्या पट्ट्या स्थिर दिसतात) वापरायची तर ५० हर्ट्झला ४५ साठी १३३ पट्ट्यांची, आणि जुना पिवळा बल्ब किंवा ट्यूबलाइट हवी. बहुतेक एलईडी खाली पट्ट्या स्थिर दिसत नाहीत. मोटरचा जुना रबरी पट्टा दमट हवेत चिकट होऊन घसरतो, पंधरा मिनिटं मोटर चालवून मगच मोजा.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये. एलपी-१२०च्या यूएसबीतून १६ बिट मिळतात, तेवढेही पुरतात. २४ बिट हवे असतील तर लाइन आउट वेगळ्या ऑडिओ इंटरफेसला जोडा. ७० च्या दशकातले ब्रिटिश सिंगल्स मोठ्या आवाजात कोरलेले आहेत, म्हणून पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोकाही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर चालू असताना रेकॉर्डिंग नको, त्याची भुणभुण आवाजात उतरते. मग घूं असा आवाज राहिला तर अर्थिंगची तार बघा. टर्नटेबलची वेगळी तार प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला घट्ट हवी, आणि खारट हवेने तिचं टोक हिरवं पडलं असेल तर खरवडून स्वच्छ करा.

मोनो तबकडीही दोन्ही चॅनेलवर घ्या. मग दोन्ही वेगवेगळे ऐका. जड सुईने एक भिंत जास्त झिजवलेली असते, तेव्हा दोन्ही मिसळण्यापेक्षा चांगला एकच चॅनेल ठेवला तर आवाज स्वच्छ येतो. दोन्ही सारखे असतील तर मिसळा, चरचर कमी होते.

पहिली फाइल सुई टेकल्यापासून सुई उचलेपर्यंतची, काहीही न कापता, डब्ल्यूएव्हीमध्ये. ती कधीच बदलायची नाही. तिची प्रत घ्या आणि त्यावर काम करा: आधी टकटक काढा, मग गरज असेल तरच नॉइज रिडक्शन. क्रम उलटला तर टकटक पसरते आणि मग निघत नाही. क्लिक रिमूव्हलचा थ्रेशोल्ड कमी केला की तो ड्रमच्या ठोक्यांनाही क्लिक समजून खातो. मोठे ओरखडे हाताने काढा, 'रिपेअर' एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, तेवढंच निवडा. आवाज फार गुळगुळीत करू नका. झांजेचा झणकार गेला की गाणं मेलं. फाइलच्या नावात कंपनी, कॅटलॉग नंबर, बाजू आणि मॅट्रिक्स घाला.

गुहागर_४५

आणि मग यूट्यूबवर टाकायचं? कुणाला माहीतच नाही अशी गाणी असतील तर कोण हरकत घेणार?

सुई_आणि_खाच (चिपळूण)

कुणाला माहीत नाही म्हणून हक्क संपत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९७२ ची तबकडी २०३२ च्या अखेरपर्यंत. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाला ७० वर्षं आहेत. छोट्या कंपन्यांचे कॅटलॉग मोठ्यांनी विकत घेतलेले असतात, त्यामुळे विस्मरणात गेलेल्या गाण्यालाही मालक असतो. आख्खं गाणं परवानगीशिवाय चढवू नका. लेबलांची माहिती मात्र मोकळेपणाने द्या: ४५कॅटवर मॅट्रिक्स, स्टॅम्परचं अक्षर, लेबलचा फोटो. बँडमधली माणसं किंवा त्यांच्या घरचे तिथे नोंद बघून लिहितात, आणि रेकॉर्डिंग त्यांना थेट पाठवता येतं. कित्येकांकडे स्वतःच्या सिंगलची प्रत नसते.

ताई, पांढऱ्या लेबलची ती तबकडी स्वतः धुण्याआधी दोन-तीन साध्या, दमदमच्या तबकड्यांवर हात बसवा. आणि तिची बी बाजू आधी रेकॉर्ड करा. 'ए' बाजू एखाद्या संकलनात कधी तरी आली असण्याची शक्यता असते. बी बाजू बहुतेक वेळा त्या तबकडीपलीकडे कुठेच नसते. दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स आणि ३ च्या जागचं अक्षर इथे टाका, पुढचं शोधायला सगळे आहोत.